अनेकांच्या हातचे लेखन आणि त्याची राखण

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



आपल्या मंडळाने कुटुंब-परिचयाचा नवा ग्रंथ काढण्याचे योजिले आहे आणि त्यासाठी घरोघर माहितीपत्रके धाडली आहेत, हे आपणां सर्वांस विदित आहेच. पत्रके भरून परत येऊ लागली आहेत. काही टपालाने येतात, काही हस्ते-परहस्ते येतात, आणि परगावची व परदेशची बहुतेक मंडळी ती भ्रमणध्वनीवरूनच पाठवितात. त्यांची छाननी करणाऱ्या समितीत मंडळाने आम्हांस बसविले आहे. जन्मभर मुलांच्या वह्या तपासल्या, तेव्हा हेही काम जमेल, असा मंडळाचा कयास असावा. परंतु विद्यार्थ्याची वही तपासणे निराळे आणि ज्ञातिबांधवाने आपल्या घराविषयी लिहून धाडलेला कागद तपासणे निराळे. तेथे बरोबर उत्तर तपासणाऱ्यास ठाऊक असते. येथे ते लिहिणाऱ्यासच ठाऊक असते. मग तपासणाऱ्याने करावयाचे ते काय, हाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

पुष्कळांकडून माहिती मागविणे सोपे आहे. ती घ्यावी कशी, पारखावी कशी आणि राखावी कशी, हे कठीण आहे. हा प्रश्न केवळ आपल्या मंडळापुढे उभा आहे असे नाही. जेथे जेथे चारचौघांना लिहिण्याची मुभा दिली गेली, तेथे तेथे तो उभा राहिला आहे. यास्तव प्रथम तीन उदाहरणे सांगून मग आपल्या पत्रकांकडे वळण्याचा आमचा विचार आहे.

पहिले उदाहरण आपल्या घरचेच आहे. आपल्यापैकी अनेकजण वडिलांच्या अस्थी घेऊन नाशिकास अथवा त्र्यंबकेश्वरास गेले असतील. तेथील तीर्थोपाध्याय प्रथम विचारतात, गाव कोणते आणि आडनाव काय? एवढ्या दोन उत्तरांवरून ते कपड्यात बांधलेल्या शेकडो वह्यांतून नेमकी वही काढतात आणि आपल्या आजोबा-पणजोबांचा लेख आपल्यापुढे ठेवतात. जुना लेख पुष्कळदा मोडीत असतो. त्याखाली आपण आपला लेख लिहावयाचा, घरातील जन्म, विवाह व मृत्यू नोंदवावयाचे, आणि सही करावयाची. वही उपाध्यायांची, पण तिच्यातील मजकूर यात्रेकरूचा. विचार केला तर या व्यवस्थेत तीन गोष्टी मोठ्या शहाणपणाच्या आहेत. लिहिणारा स्वतःच्या घराविषयी लिहितो, दुसऱ्याच्या नव्हे. लिहिणाऱ्याचे नाव, गाव व तिथी लेखासोबतच राहते. आणि जुना लेख खोडून नवा लिहिला जात नाही. नवा त्याखाली येतो. छापखान्याची आणि कचेरीची मदत नसताना या वह्या पिढ्यान् पिढ्या टिकल्या, त्याचे श्रेय या तीन गोष्टींस दिले पाहिजे. उणीव सांगावयाची तर एकच. लेख बहुधा पुरुषांच्या हातचे असत, आणि त्यामुळे लेकींची नावे त्यांत क्वचितच आली. या उणिवेकडे आम्ही पुढे पुनः येणार आहोत.

दुसरे उदाहरण विलायतेचे आहे. ऑक्सफर्डचा थोरला इंग्रजी शब्दकोश ग्रंथालयांतून आपण पाहिला असेल. लंडनच्या एका भाषाशास्त्र मंडळात १८५७ साली त्याची कल्पना निघाली. प्रत्येक इंग्रजी शब्द प्रथम केव्हा व कोणत्या अर्थाने वापरला गेला, हे ग्रंथांतील वाक्ये देऊन दाखवावयाचे होते. एवढे ग्रंथ दहावीस पंडितांनी जन्मभर वाचले असते तरी संपते ना. म्हणून सामान्य वाचकांना आवाहन करण्यात आले. पहिला संपादक अल्पवयात वारला, दुसऱ्याच्या हाती काम रेंगाळले, आणि १८७९ साली ते जेम्स मरे यांच्याकडे आले. हे गृहस्थ पेशाने शाळामास्तर होते. चौदाव्या वर्षी त्यांची स्वतःची शाळा सुटली होती. पुढची विद्या त्यांनी स्वकष्टाने संपादन केली. त्यांनी एक हजार वाचक हवेत असे पत्रक काढले आणि वाचकांनी काय करावे हे नेमके सांगितले. कागदाच्या लहानशा चिठीवर वर शब्द लिहावा. खाली ग्रंथाचे साल, ग्रंथकाराचे नाव, ग्रंथाचे नाव व पृष्ठ द्यावे. आणि मग ते वाक्य जसेच्या तसे उतरावे. शाळेच्या आवारात लोखंडी पत्र्याची खोली उभारून तीत हजारावर कप्पे त्यांनी करविले. चिठ्या लावण्याच्या कामी त्यांची स्वतःची मुलेही बसत. दहा वर्षांत पुरे होईल असे वाटलेले हे काम १९२८ साली, म्हणजे जवळजवळ अर्धशतकाने पुरे झाले. मरे १९१५ सालीच निवर्तले होते. कोशात चार लाखांहून अधिक शब्द आले, आणि सुमारे १८ लाख अवतरणे आली.

या कामात मरे यांस जे अनुभव आले, ते आपल्या फार उपयोगी पडण्यासारखे आहेत. त्यांतील तीन सांगतो.

त्यांच्या ताब्यात आलेल्या जुन्या चिठ्यांची पोती उघडली, तेव्हा एकात मेलेला उंदीर निघाला आणि दुसऱ्यात उंदरांचे जिवंत बिऱ्हाड निघाले. काही अक्षरांच्या चिठ्या परदेशी जाऊन पडल्या होत्या, तर काही चुलीत गेल्या होत्या. लोकांनी विनामूल्य, रात्री जागून केलेले काम राखणाऱ्याच्या हयगयीमुळे वाया गेले. पुढे मरे यांच्या स्वतःच्या व्यवस्थेतही एक शब्द हरवलाच. ‘बाँडमेड’ म्हणजे बटीक, दासी. त्या शब्दाच्या चिठ्या कोठेतरी गहाळ झाल्या आणि शब्द कोशात यावयाचा राहिला. तो आला १९३३ सालच्या पुरवणीत. एवढ्या दक्ष माणसाच्या हातून एवढ्या प्रचंड ग्रंथात काय सुटावे, तर दासीचे नाव!

दुसरा अनुभव याहून बोधप्रद आहे. वाचकांना जे विलक्षण दिसे ते ते टिपीत आणि जे रोजचे असे ते सोडून देत. ‘ॲब्यूजन’ हा आता कोणी न वापरणारा शब्द आहे. त्याच्या सुमारे ५० चिठ्या आल्या. ‘ॲब्यूज’ हा नित्याचा शब्द. त्याच्या पाचसुद्धा आल्या नाहीत. लोकांचा यात दोष नव्हता. सामान्य गोष्ट लिहिण्याजोगी आहे, असे माणसास सांगितल्याखेरीज वाटत नाही.

तिसरा अनुभव डॉक्टर मायनर यांचा. हे अमेरिकी सैन्यातील शल्यवैद्य होते. बुद्धिभ्रंशाच्या भरात त्यांच्या हातून लंडनमध्ये १८७२ साली एका निरपराध माणसाचा खून झाला, आणि न्यायालयाने त्यांस वेड्यांच्या बंदिशाळेत ठेवले. तेथील खोलीतून त्यांनी कोशासाठी वर्षानुवर्षे चिठ्या पाठविल्या. त्यांची रीत निराळी होती. ते आपल्या ग्रंथांतील शब्दांची सूची करून ठेवीत, कचेरीत सध्या कोणत्या शब्दावर काम चालले आहे ते पत्राने विचारीत, आणि नेमकी त्याच शब्दाची वाक्ये धाडीत. मरे यांनी त्यांच्या कामाची मुक्तकंठाने स्तुती केली आहे. चिठी खरी आहे की खोटी हे ग्रंथ उघडून पाहता येत होते. ती लिहिणारा कोण व कोठे राहतो, यावर तिची किंमत ठरत नव्हती.

आता तिसरे उदाहरण अगदी अलीकडचे. ‘विकिपीडिया’ नावाचा ज्ञानकोश आपल्या घरातील मुले रोज उघडतात. तो १५ जानेवारी २००१ रोजी सुरू झाला. त्याची मराठी आवृत्ती १ मे २००३ पासून, म्हणजे महाराष्ट्रदिनापासून आहे. येणाऱ्या कोणाही वाचकाने त्यात भर घालावी, चूक दिसल्यास सुधारावी, अशी त्याची रीत. हे ऐकून आमच्या वयाच्या माणसांस प्रथम हसू येते. रस्त्याने जाणाऱ्या कोणीही येऊन फळ्यावर लिहावे, त्याला शाळा म्हणावयाचे काय? परंतु त्यांनी एक खुबी ठेवली आहे. प्रत्येक लेखाच्या पाठीमागे त्याचा इतिहास राखलेला असतो. कोणी, केव्हा, कोणता शब्द घातला आणि कोणता काढला, हे पाहता येते, आणि बिघडविलेला लेख पूर्ववत करता येतो. मतभेद झाल्यास त्याची चर्चा लेखाशेजारच्या निराळ्या पानावर होते. नाशिकच्या वहीतले तत्त्वच हे! जुने खोडावयाचे नाही.

तथापि एवढ्याने भागत नाही, हे २००५ साली दिसून आले. जॉन सायगेंथॉलर नावाचे एक वृद्ध अमेरिकी पत्रकार. तरुणपणी त्यांनी रॉबर्ट केनेडी यांचे सहायक म्हणून काम केले होते. कोणा निनावी माणसाने केवळ थट्टेखातर त्यांच्याविषयी लेख लिहिला, आणि केनेडी बंधूंच्या खुनांत त्यांचा हात असल्याचा संशय घेतला गेला होता, असे धादांत असत्य त्यात घातले. तो मजकूर चार महिन्यांच्या वर तसाच राहिला. ज्या मित्राचा खून झाला त्याच्याच खुनाचा संशय माथी यावा, याचे दुःख सायगेंथॉलर यांनी वर्तमानपत्रात लेख लिहून जगापुढे मांडले. लिहिणारा पुढे सापडला व त्याने क्षमा मागितली. त्यानंतर इंग्रजी आवृत्तीत नोंदणी न केलेल्यांस नवा लेख सुरू करण्यास बंदी झाली. आणि हयात व्यक्तीविषयीचा वादग्रस्त मजकूर आधार नसल्यास तत्काळ काढावा, असा कडक दंडक पडला. चूक पुढेमागे कोणीतरी दुरुस्त करील, हे झाडाच्या किंवा नदीच्या वर्णनापुरते ठीक आहे. जिवंत माणसाच्या अब्रूस तेवढी सवड नसते.

‘पाचामुखी परमेश्वर’ असे आपण म्हणतो. ते खरे आहे. परंतु त्या पाचांनी स्वतः पाहिलेले असावे, आपापले नाव सांगून बोलावे, आणि सहाव्यास बोलू द्यावे, तेव्हाच ते खरे आहे.

एवढी पूर्वपीठिका झाल्यावर आपल्या पत्रकांकडे वळू. कोणाचेही नाव न घेता बोलतो; कोणी आपल्याकडे रोख आहे असे मानू नये.

मरे यांस जे दिसले तेच आम्हांसही दिसले. परदेशी गेलेल्या चिरंजिवांची पदे, वेतनाचे आकडे, नव्या घराचे वर्णन यांनी पत्रके ओसंडून वाहत आहेत. त्याचा आनंदच आहे. परंतु ज्या काकांनी पिठाची गिरणी चालवून तीन पुतण्यांस शिकविले, त्यांच्या नावापुढे ‘काही विशेष नाही’ असे लिहिलेले आम्ही पाहिले. ज्या मावशीने वैधव्यात चार घरी पोळ्या लाटून मुले वाढविली, तिच्या नावापुढे रेघ आहे. हे लिहिणाऱ्याचे कृतघ्नपण नव्हे. आपल्या पत्रकात तो रकानाच नाही. तेव्हा समितीने डॉक्टर मायनर यांच्या उलट वाटेने जावे. ते विचारीत होते काय हवे, आपण होऊन सांगावे काय हवे. घरातील कोणाच्या कष्टावर कुटुंब उभे राहिले, असा प्रश्न पत्रकात घालावा.

दुसरी गोष्ट घरांतील वादांची. एकाच आजोबांविषयी दोन चुलतभावांची दोन पत्रके येतात. एक लिहितो, मूळ गावची जमीन आजोबांनी विकली. दुसरा लिहितो, ती त्यांच्या भावाने विकली. समितीने कोणास खरे मानावे? आमचे मत असे की, समितीने न्यायाधीश होऊ नये. कागद दाखविता आला तर कागदाप्रमाणे लिहावे. कागद नसेल आणि गोष्ट ग्रंथाच्या कामाची असेल, तर दोघांच्या नावानिशी दोन्ही लिहावे. आणि ज्यात कोणाची अब्रू जाते पण आधार काहीच नाही, ते मुळीच छापू नये.

तिसरी गोष्ट वृद्धांच्या सुरक्षिततेची आहे. जुन्या ज्ञातिग्रंथांत पूर्ण पत्ता, जन्मतिथी, सर्व काही छापीत. त्या काळी त्यात भय नव्हते. आज बँकेतून बोलतो, पोलीस ठाण्यातून बोलतो असे सांगून वृद्धांची जन्माची पुंजी लुबाडणारे लोक आहेत. एकट्या राहणाऱ्या आजीबाईंचे नाव, वय, पत्ता, दूरध्वनीक्रमांक आणि मुलगा परदेशी असल्याची वार्ता एकाच पानावर छापणे म्हणजे चोरास कुलपाची किल्ली नेऊन देणे होय. संसदेने २०२३ साली व्यक्तिगत माहितीच्या रक्षणाचा कायदा संमत केला आहे. ज्याची माहिती त्याची संमती, आणि १८ वर्षांखालील मुलाच्या बाबतीत पालकाची संमती, हे त्या कायद्याचे सूत्र. कायदा न होता तरी शहाणपण हेच होते.

आता चौथी आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट. एका घराचे पत्रक आले. वडील, आई, दोन मुलगे, सुना, नातवंडे, सारे व्यवस्थित. काही दिवसांनी त्याच घरातील लेकीचे पत्र आले. तिने ज्ञातीबाहेर विवाह केला, त्यास पुष्कळ वर्षे झाली. तिने लिहिले होते की, माझ्या वडिलांच्या नावाखाली माझे नाव असावे; अधिक काही नको. समितीने भावास विचारले. भावाचे उत्तर आले की, आमच्या पत्रकात जे आहे तेच आमचे घर. त्यात फेरफार करू नये. समितीत दोन मते पडली. एक मत असे की, पत्रक कुटुंबप्रमुखाचे, तेव्हा त्याचा शब्द अखेरचा. हे मत मांडणारे सज्जन आहेत, आणि घरात कलह माजू नये हीच त्यांची इच्छा आहे.

परंतु आम्हांस ते मान्य करता आले नाही. याचे कारण भावनेचे नसून राखणीच्या धर्माचे आहे. भावाने काय लिहिले? आपल्या घराची माहिती. लेकीने काय लिहिले? तीही आपल्याच घराची माहिती, आणि स्वतःविषयीची. ती खोटी आहे असे भाऊसुद्धा म्हणत नाही. ती नको, एवढेच म्हणतो. खोटे असेल ते काढण्याचा अधिकार समितीस आहे. खरे आहे पण कोणास नको आहे, म्हणून ते काढण्याचा अधिकार कोणास असावा? ज्या दिवशी समिती तसे करील, त्या दिवशी हा ग्रंथ आपल्या समाजाचा न राहता ज्यांचा आवाज मोठा त्यांचा होईल. २००५ सालापासून हिंदू वारसा कायद्याने वडिलार्जित एकत्र मिळकतीत लेकीस लेकाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला आहे. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बालकाचे नाव शासकीय कागदांत स्वतःचे नाव, आईचे नाव, मग वडिलांचे नाव व आडनाव, या क्रमाने लागते. सरकारदरबारी आईचे नाव आले, आणि ज्ञातीच्या ग्रंथात लेकीचे नाव वगळावे, हे आपल्यास शोभते काय? ज्यांना तो विवाह रुचला नाही त्यांनी तो रुचवून घ्यावा, असे आम्ही म्हणत नाही. ती त्या घरी जन्मली, हे मात्र कोणाच्या रुचीवर अवलंबून नाही.

यास्तव छाननीसाठी पुढील नियम असावेत, अशी आमची सभेस विनंती आहे.

आलेल्या प्रत्येक पत्रकास क्रमांक व पोच द्यावी, आणि मूळ पत्रक ग्रंथ छापून झाल्यावरही जपून ठेवावे. माहिती कोणी दिली व केव्हा दिली, हे नोंदीसोबत राहावे. निनावी माहिती घेऊ नये. कोणीही सभासद आपल्या नात्यातील घराचे पत्रक तपासणार नाही, आणि प्रत्येक पत्रक दोघांच्या नजरेखालून जाईल. जे वगळावयाचे ते गुपचूप वगळू नये. पाठविणाऱ्यास कारण कळवावे आणि एक महिन्याची मुदत द्यावी. प्रत्येक सज्ञान व्यक्तीस स्वतःविषयी लिहिण्याचा आणि स्वतःविषयीचे काढून घेण्याचा अधिकार असावा. दुसऱ्या सज्ञान व्यक्तीचे नाव खोडण्याचा अधिकार कोणासही, कुटुंबप्रमुखासही, नसावा. पत्त्यात केवळ गाव व तालुका यावा. जन्मतिथी आणि दूरध्वनीक्रमांक लेखी संमतीखेरीज छापू नये. छापल्यानंतर चूक आढळल्यास ती दरवर्षीच्या स्मरणिकेत दुरुस्तीच्या पानावर द्यावी. असे पान असणे हे कमीपणाचे लक्षण नव्हे. ज्या ग्रंथास दुरुस्तीचे पान नाही, त्याच्याकडे कोणी पाहिलेलेच नाही असे खुशाल समजावे.

कोणी म्हणतील, एवढा खटाटोप हवाच कशाला? दोन जाणत्या माणसांनी बसून ग्रंथ लिहून टाकावा. तो लवकर होईल यात संशय नाही. पण त्या दोघांस गिरणीवाल्या काकांची आठवण येईलच असे नाही, आणि पोळ्या लाटणाऱ्या मावशीची तर नाहीच. पुष्कळांच्या हातचे लेखन ओबडधोबड असते, परंतु त्यातच ही माणसे सापडतात. ते नितळ करण्याच्या नादात त्यांस गाळून टाकणे हे राखणदाराचे काम नव्हे.

तरुण मंडळींस एक सांगणे आहे. पत्रके संगणकात उतरविण्याचे काम आपण हाती घेतले आहे, याबद्दल मंडळ आपले ऋणी आहे. अक्षर लावताना अडले तर अंदाजाने भरू नका; रकाना कोरा ठेवा आणि त्या घरी दूरध्वनी करा. पलीकडून बोलणारी व्यक्ती बहुधा वृद्ध असेल आणि विचारलेल्यापेक्षा अधिक बोलेल. तेही लिहून घ्या.

नियमांचा मसुदा कार्यवाहांकडे दिला आहे. त्यावर आजच मत घ्यावे असा आमचा आग्रह नाही. परंतु पुढील सभेपूर्वी प्रत्येक घरी तो वाचला जावा, आणि तो वाचताना घरातील लेकीसुनांस जवळ बसवावे, एवढी प्रार्थना आहे.